वर पाह्य, खाली पाह्य

यंदा पळस लवकर फुलला. कारंज्याहून अकोल्याकडे जाताना वावरांच्या धुऱ्याधुऱ्यांवर, बांधांवर तो उभा होता, अंगावर एक पान नाही आणि फुलांनी मात्र लगडलेला. माझ्या पाठीचा मणका गेले वर्षभर कुरकुरतो आहे, म्हणून मुलगा मला तपासणीला घेऊन चालला होता. खिडकीची काच मी खाली करून घेतली. हरभरा निघालेल्या वावरांचा कोरडा, थोडा आंबूस वास आत आला आणि मुलाने विचारलं, "आई, हसतेस कशाला?" मी हसत होते हे मला ठाऊकच नव्हतं.

तपासणीच्या ठिकाणी एक तरुण मुलगी होती. त्या यंत्रात फार मोठं चुंबक असतं, म्हणून आत नेण्याआधी ती प्रश्न विचारत होती. हृदयाला काही बसवलंय का, हाडात सळई आहे का, बांगड्या काढल्या का. मग तिने सहज विचारलं, "आजी, डोळ्याला कधी लोखंड लागलं होतं का? कीस, तुकडा असं काही?"

मी म्हणाले, "लागलं होतं. अजून आहे."

तिचा हात थांबला. मुलगाही माझ्याकडे पाहू लागला. त्याला ही गोष्ट ऐकून माहीत होती, पण त्याच्या लेखी ती केव्हाच संपलेली होती. मुलीने आतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चुंबकाचं यंत्र रद्द केलं आणि आधी डोळ्याचं स्कॅन करू म्हणाले. मी दुसऱ्या यंत्राच्या फळीवर पडले. डोकं दोन गाद्यांमध्ये अडकवलेलं, वर पांढरं छत. आणि मला माहेरच्या, इंझोरी गावच्या आमच्या अंगणातलं ऊन दिसायला लागलं.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. वाशिम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी आले होते. आमच्या वस्तीतून मास्तरीण व्हायला निघालेली मी पहिली मुलगी. बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात एकच गोष्ट असायची, पोरीनं शिकलं पाहिजे. स्वतः ते आमचं थोडं वावर करायचे आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या वावरात जायचे. रात्रीच्या जेवणानंतर मी पुस्तक मोठ्याने वाचावं असा त्यांचा हट्ट असे. बालमानसशास्त्राचे धडे ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत. मायला वाटे ते झोपले. पण मी थांबले की ते म्हणत, "काहून थांबली? वाच ना."

वावरातून कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. वखरणी सुरू करायची होती आणि वखराची माती कापणारी लोखंडी पास ढिली झाली होती. त्या सकाळी बाबांनी वखर अंगणात आणला. मला म्हणाले, "शकू, जरा दाबून धर." मी पुस्तक बाजूला ठेवलं, वाकले आणि दोन्ही हातांनी वखर धरला. बाबा लोखंडी पाचर ठोकू लागले. लोखंडावर लोखंड. प्रत्येक घावाला माझ्या मनगटापर्यंत झिणझिण्या येत होत्या आणि मी मनातल्या मनात धडा घोकत होते.

एका घावाला डोळ्यात काहीतरी आलं. चिलट आदळावं, बस एवढंच. मी डोळा मिटला, पदराने पुसला. पदरावर रक्ताचा एक ठिपका होता, कुंकवाच्या टिकलीपेक्षाही लहान. दुखत नव्हतं. बाबांनी हातोडा खाली टाकला.

"काय झालं?"

"काई नाई, कचरा गेला."

खरंच मला तसं वाटलं. मी पुन्हा वखर धरायला वाकले. पण बाबा उभेच होते. त्यांनी हातोडा उचलला आणि त्याचं तोंड उलटून पाहिलं. त्याच्या कडेचा एक कपचा उडालेला होता. ताज्या लोखंडाची जागा चमकत होती. त्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. आणि मग ते जे गप्प झाले, ते कितीतरी दिवस.

दुपारपर्यंत उजव्या डोळ्यापुढे तांबूस धूर आला. संध्याकाळी त्या डोळ्याला दिव्याची ज्योत नुसती लालसर डाग म्हणून दिसू लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने कारंज्याला गेलो. तिथल्या एका दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र होतं. त्यांनी समोरून एक फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि बोट ठेवलं. कवटीच्या राखाडी चित्रात डोळ्याची गोल खोबण होती आणि तिच्यात एक पांढरा कण, तांदळाच्या कणीसारखा.

"लोखंड डोळ्याच्या आत आहे," ते म्हणाले. "आत राहिलं तर डोळा सडतो. आणि जखमी डोळा वेळेत काढला नाही तर कधी कधी चांगलाही जातो. मोठ्या दवाखान्यात जा आणि डोळा काढून घ्या."

ते वाईट मनाचे नव्हते. त्यांच्याकडे होतं ते जुनं यंत्र आणि तो एक फोटो. त्यात जे दिसलं ते त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर माय चुलीपुढे बसून रडली. "डोळा गेल्यावर पोरीले कोण करनार? आन् नोकरीवर तरी घेतील काय?" बाबा ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं नाही असं होणं शक्य नव्हतं. वस्तीत एव्हाना बातमी फिरली होती आणि ती फार छोटी झाली होती, बापाने पोरीचा डोळा फोडला. बायका मला पाहायला येत, आणि जाताना ओसरीवरच्या माणसाकडे एकदा पाहून घेत. बाबा मला काही विचारत नव्हते. मायला विचारत, "तिनं जेवलं काय?" मी समोर असले तरी.

मला त्यांचा राग आला होता का? डोळा लागला त्याचा नाही. हे गप्प राहणं मात्र सहन होत नव्हतं. मी आंधळी होण्याआधीच ते माझ्याकडे पाहायचे थांबले होते.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही दोघंच गेलो. अमरावतीपासून पुढचा रस्ता मी पहिल्यांदाच पाहत होते, एका डोळ्याने. पळस तेव्हाही होता. डावा डोळा झाकला की तो नाहीसा होई आणि त्या जागी एक तांबडा धूर उरे. मी हा खेळ करते आहे हे बाबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा तपासला. बाहेरच्या कोपऱ्यात, पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याला बारीक चीर होती. डोळ्याच्या आत रक्त साकळलेलं, त्यामुळे भिंगातून काही दिसेना. कारंज्याचा फोटो त्यांनी एक्स-रेच्या विभागात पाठवला. तिथे टेंभेकर डॉक्टर होते. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, फार हळू बोलणारे. फोटो त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "कण आहे हे नक्की. कुठे आहे, ते यावरून मला सांगता येत नाही."

बाबा पहिल्यांदाच बोलले. "साहेब, कारंज्याचे डॉक्टर तं म्हने आत हाय."

"असेलही," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही काय करता?"

"मास्तरीण व्हाची हाय," मी म्हणाले.

"मग समजून घ्या. पुढे कोणाला तरी शिकवाल." त्यांनी पेन उचलून पेटीसमोर धरलं. "फोटो म्हणजे सावली. हे पेन पेटीला चिकटवलं काय आणि असं वीतभर अलीकडे धरलं काय, समोरून पाहिलं तर त्याच जागी दिसतं. तुमचा कण डोळ्याच्या गोळ्याच्या आत असेल, पुढे असेल, मागे असेल, बाजूच्या चरबीत असेल. या फोटोत सगळं सारखंच. म्हणून आता बाजूने फोटो घेऊ. एक वर पाहताना, एक खाली पाहताना. डोळा फिरतो, हाड फिरत नाही. कण डोळ्यासोबत फिरला तर आत. हाडासोबत जागेवर राहिला तर बहुतेक बाहेर."

मला आजही वाटतं, इतकं स्वच्छ शिकवलेलं मी नंतर कधी ऐकलं नाही. भीतीतही माझं डोकं क्षणभर वर्गात जाऊन बसलं.

मला कुशीवर निजवलं. गालाखाली गार पत्रा. वर पाहा. यंत्राची घरघर. खाली पाहा. पुन्हा घरघर. फोटो धुऊन, ओलेच पेटीवर लावले. मदतनीस पुढे वाकला आणि म्हणाला, "हलला सर. आतच आहे."

मी ते ऐकलं. दाराशी उभ्या बाबांनीही ऐकलं. त्यांनी चौकटीला हात लावला.

 डॉक्टरांनी दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवले, सरकवले, पुन्हा ठेवले. मग चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून पाहिलं. "हाडाची कड बघ," ते मदतनीसाला म्हणाले. "तीसुद्धा दोनदा दिसते आहे. कण जेवढा सरकलाय तेवढीच ती सरकलीय. मुलीने डोळ्याबरोबर हनुवटी वर केली. हे डोकं हललंय. यावरून काहीच सिद्ध होत नाही."

पुन्हा निजले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. पण आता मला कापरं भरलं होतं. जेवढं हलू नये म्हणावं तेवढी मान थरथरत होती. पुन्हा फोटो, पुन्हा हाडाची दुहेरी कड. डॉक्टर रागावले नाहीत. ते बाहेर आले आणि बाबांना म्हणाले, "तुम्ही वडील ना? हिचं डोकं धरता का? शिशाचा अंगरखा देतो घालायला. घट्ट धरायचं."

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्या दिवसापासून ते हात मी पाहत होते. चहाची कपबशी धरली तरी वाजायची. ते म्हणाले, "साहेब, माह्या हातानंच तं..."

मी पडल्या पडल्या म्हणाले, "बाबा, तुमीच धरा. दुसऱ्या कोनाले मी डोकं देत नाई."

ते आले. तो जड अंगरखा त्यांच्या खांद्यांना ओढत होता. त्यांनी माझ्या कपाळावर एक आणि डोक्याच्या मागे एक तळवा ठेवला. पऱ्हाट्या उपटून चिरलेले, खरखरीत तळवे, त्यांना अजून वावराचा वास होता. आधी ते थरथरले. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि ते हात असे स्थिर झाले की माझी मानही थरथरायची थांबली. पडद्याआडून डॉक्टर म्हणाले, "आता वर पाहायला सांगा."

"वर पाह्य, शकू," बाबा म्हणाले.

कितीतरी दिवसांनी त्यांनी माझं नाव घेतलं होतं. मी वर पाहिलं.

"आता खाली पाह्य, बाई. डोकं मी धरलं हाय. तू फकस्त डोळा फिरव."

परवा अकोल्यात स्कॅन झाल्यावर तरुण डॉक्टरांनी मला आणि मुलाला पडद्यासमोर बसवलं. आता सगळं कापाकापांत दिसतं, कलिंगडाच्या फोडी कराव्यात तसं. त्यांनी बोटाने एक एक फोड पुढे सरकवली. आधी हाड, मग चरबी, मग डोळ्याचा गोळा, पौर्णिमेच्या चंद्रासारखा वाटोळा. आणि त्याच्या बाहेर, हाडाला लागून, झगमगणारा एक ठिपका. "लोखंडाभोवती असे खोटे किरण दिसतात," ते मुलाला सांगत होते, "त्यामुळे तुकडा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. आणि तो डोळ्याला चिकटल्यासारखाही वाटू शकतो. म्हणून मी दुसऱ्या बाजूनेही पाहिलं." मी त्या पोराकडे जरा प्रेमानेच पाहिलं. यंत्र बदललं, पण पुन्हा पाहण्याला अजून पर्याय नाही.

नोकरीत असताना मी वर्गात असं पुष्कळदा करत असे. एखादं पोर रोज उशिरा येतं, उत्तर देत नाही, खाली मान घालतं. पहिल्या फोटोत ते आळशी दिसतं. मग मी त्याला दुसऱ्या बाजूने पाहायला त्याच्या घरी जायची. दर वेळी काही मोठं सापडायचं असं नाही. काही पोरं खरंच आळशी निघाली. पण मग ते मी पाहून म्हणत होते.

नागपूरला त्या दिवशी ओले फोटो पेटीवर चढले तेव्हा हाडाची कड एकच होती. एका फोटोतल्या कडेवर दुसऱ्या फोटोतली तंतोतंत बसली होती. आणि कणही एकच. वर पाहताना जिथे, खाली पाहताना तिथेच.

मदतनीस आनंदाने काहीतरी म्हणाला. डॉक्टरांनी हात वर केला. "अजून थांब. काही जागा अशा असतात की डोळा फिरला तरी तिथला कण फारसा हलत नाही. मला गोळ्याची कड हवी." फोटोत हाड दिसतं, लोखंड दिसतं, डोळ्याचा मऊ गोळा मात्र दिसत नाही. म्हणून त्यांनी डोळ्यात थेंब घालून तो बधिर केला आणि बुबुळावर एक पातळ वाटी बसवली, तिच्यावर शिशाचे ठिपके होते. पुन्हा समोरून, पुन्हा बाजूने. बाबांनी प्रत्येक वेळी डोकं धरलं. त्या ठिपक्यांवरून मोजून डॉक्टरांनी कागदावर डोळ्याचं वर्तुळ काढलं आणि कण कुठे येतो ते मांडलं. मी उठून बसले होते. मला ते दिसलं. वर्तुळ इथे आणि ठिपका त्याच्या बाहेर, पेनाच्या रेघेएवढी मोकळी जागा सोडून.

तरीही ते "बाहेर आहे" म्हणाले नाहीत. तो कागद घेऊन ते स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तुकडा डोळ्याच्या आरपार जाऊनही बाहेर पडू शकतो, तेवढं पाहायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी डोळा बधिर करून डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या चिरेखाली पूर्ण तपासलं. गोळ्याला कुठेही भोक नव्हतं. तुकडा त्याला घासून, धक्का देऊन, बाजूने चरबीत जाऊन बसला होता. आतलं रक्त त्या धक्क्याचं.

व्हरांड्यात टेंभेकर डॉक्टर बाबांना म्हणाले, "डोळा काढायचा नाही."

"म्हनजे ठेवाचा?"

"ठेवायचा. रक्त हळूहळू जिरेल. दिसायला लागेल असं वाटतं, किती ते आज सांगत नाही."

"आन् थो तुकडा?"

"तोही राहू द्या. काढायला गेलो तर वाचलेल्या डोळ्याला इजा होईल. तिथे तो कोणाचं काही बिघडवत नाही."

बाबांनी हात जोडले. "जयभीम साहेब," म्हणाले आणि व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून, खाली बसले. येणारे जाणारे त्यांना ओलांडून जात होते. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तुले भूक लागली काय?" मायला नाही, मला विचारलं. आम्ही बाहेर जाऊन गरम भजी खाल्ली आणि तिखटाने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या पट्टीखालच्या सुद्धा.

मग तो चैत्र आला, वैशाख आला. मी परीक्षा एका डोळ्यावर पट्टी बांधून दिली. ओळी वाकड्या गेल्या, पण पास झाले. ऊन चढत होतं, पळसाची फुलं गळून शेंगा लोंबू लागल्या होत्या आणि माझ्या उजव्या डोळ्यातला धूर फुटून त्याची जळमटं झाली होती. डोळा फिरवला की ती तरंगत. सकाळी खाली बसलेली असत, आणि डोळ्यात चित्र उलटं उमटतं, म्हणून पायाखालची जमीन आधी दिसायला लागली.

संध्याकाळी वावरातून आले की बाबा हातपाय धुवायच्या आधी मला अंगणात बसवत. "चांगला डोळा झाक." मग काहीतरी दाखवत. "थे काय हाय?" मी सांगे, झाड. "कशाचं?" ते सांगता येत नसे. ते चेहऱ्यावर काही दाखवत नसत, पण जेवताना भाकरी तशीच राही. म्हणून एके दिवशी मी खोटं बोलले. भिंतीवर काहीतरी पांढुरकं हलत होतं. मी म्हणाले, "शेळी हाय, बाबा."

त्यांनी विचारलं, "थे ओरडली म्हनून सांगतलं ना?"

मी मान खाली घातली. ते म्हणाले, "माह्यासाठी पाहू नोको, शकू. तुले दिसन तवाच सांग. मी थांबतो." त्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. नुसते येऊन समोर बसत आणि गोष्टी सांगत. पास कशी बसली, माती कशी निघाली, कोणाच्या बैलाने काय केलं. इतकं बोलताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

वैशाखाच्या शेवटी एका संध्याकाळी ते असेच बोलत होते. ऊन त्यांच्या बाजूने पडलं होतं. मी सहज, काही न ठरवता, डावा डोळा हाताने झाकला. समोर एक चेहरा होता. धुरातला नव्हता. कपाळावरच्या आठ्या, नाकाच्या शेंड्यावरचा घाम, ओठांची हालचाल, सगळं वेगवेगळं दिसत होतं. आणि गालांवर, हनुवटीवर, न केलेल्या दाढीचे खुंट. त्या उन्हाळ्याआधी ते काळे होते. मी दुसरा डोळा उघडून पाहिलं, पुन्हा झाकून पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी सारखंच सांगितलं.

"बाबा," मी म्हणाले, "तुमची दाढी पांढरी झाली."

त्यांचं बोलणं तुटलं. माझा हात कुठल्या डोळ्यावर आहे ते त्यांनी पाहिलं. मग ते उठले. खांद्यावरचा दुपट्टा खाली पडला तो तसाच राहिला. दारातून त्यांनी आत हाक मारली, मायला, पण आवाज असा की शेजारच्या बायकाही हातातलं काम सोडून बाहेर आल्या.

"अवं, बाहीर ये! आपल्या पोरीले माही पांढरी दाढी दिसून राह्यली!"